तू याचा कोण?

मित्रांनो, आज जरा मोठं लिहितोय. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा, नसेल तर सेव्ह करून रात्री वाचा. पण अर्धं वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

'डेटिंग ॲपवरून ओळख, भेटायला बोलावून तरुणाला मारहाण, मोबाईलवरून पैसे ट्रान्सफर करून घेतले.' या साच्याची बातमी तुम्ही वाचलेली असते. कधी पुण्यातली, कधी दिल्लीकडची, कधी आपल्याच पट्ट्यातली. बातमीत कुठेतरी एक शब्द असतो, 'समलिंगी' किंवा 'गे'. तो शब्द आला की खाली कमेंट उघडून बघा. हसण्याचे इमोजी. 'गेलाच कशाला होता?' 'चांगली जिरली.' 'काय ही हौस!'

भूमकर चौकात कोणाचा मोबाईल हिसकावला तर 'मोबाईल घेतलाच कशाला' असं आपण लिहीत नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर कोणाला अडवून लुटलं तर आपण गस्त वाढवा म्हणतो, पोलिस आयुक्तांना टॅग करतो. इथे मात्र लुटलेल्या माणसालाच हसतो. या हसण्याचा फायदा नेमका कोणाला होतो, ते आज स्पष्ट लिहितो.

या धंद्याचं भांडवल काय असतं बघा. एक खोटं प्रोफाईल, दोन-तीन साथीदार, एक आडबाजूची जागा. समोरचा आला की व्हिडिओ काढायचा, दोन कानाखाली द्यायच्या, फोनमधले ऑफिसचे आणि घरचे नंबर बघायचे आणि म्हणायचं, 'पैसे टाक, नाहीतर तुझ्या बापाला पाठवतो.' पैसे एकदा दिले की दर महिन्याला हप्ता. यात चाकू-कोयता लागतोच असं नाही. खरं हत्यार तुम्ही आणि मी आहोत. आपण हसणार, घरचे हाकलणार, ऑफिसात कुजबुज होणार, पोलिस उलट प्रश्न विचारणार, याची खात्री लुटणाऱ्याला असते. त्याहून जास्त खात्री लुटला जाणाऱ्याला असते. म्हणून तो चौकीची पायरी चढत नाही. आपलं हसणं हा त्या टोळीचा बिनपगारी साथीदार आहे.

काही जण म्हणतील, पण हे बेकायदेशीरच ना? नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेज सिंग जोहर खटल्यात सांगितलं, की दोन प्रौढांनी संमतीने खाजगीत ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही. आपलं पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालय सुरू झालं १५ ऑगस्ट २०१८ ला. म्हणजे त्या निकालाच्या जेमतेम तीन आठवडे आधी. या आयुक्तालयाच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यात असं प्रेम गुन्हा नव्हतंच. तरी आजही एखादा पोरगा तक्रार द्यायला गेला की तो आरोपीसारखा खुर्चीच्या कडेवर बसतो.

आता गंमत ऐका. इंग्रजांनी १८६० मध्ये दंडविधान आणलं, त्यात कलम ३७७ होतं. पण त्याच कायद्यात ३८८ आणि ३८९ ही कलमंही होती. तुझ्यावर अमुक गुन्ह्याचा आरोप करीन, अशी भीती घालून कोणी पैसे उकळले तर त्याला शिक्षा. आणि तो धाकाचा गुन्हा ३७७ चा असेल तर खंडणीखोराला थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. म्हणजे ज्यांनी हे प्रेम गुन्हा ठरवलं, त्या गोऱ्या साहेबांनाही कळत होतं की या कलमाच्या आडून ब्लॅकमेलिंग होणार. दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाला जे कळलं, ते आपल्या कमेंट बॉक्सला अजून कळत नाही.

आता मला माहीत असलेल्या दोघांबद्दल. नावं, गावं सांगणार नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदललेत. मूळ गोष्ट खरी आहे.

एक कोकणातला, इंजिनिअर, हिंजवडीत नोकरी, वाकडला भाड्याने राहायला. दुसरा मराठवाड्यातला, आयटीआय केलेला, चाकणला कंपनीत कंत्राटावर. पहिल्याला ताटात मासा नसेल तर जेवण जात नाही. दुसऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, कांदासुद्धा सोडलेला. पहिल्याचा देवावर विश्वास नाही. दुसरा देहूहून पालखी निघाली की सुट्टी टाकून किमान दोन मुक्काम तरी चालणारच. पहिला रात्री अमेरिकेशी हळू आवाजात बोलतो, कोणाशी भांडण म्हटलं की त्याच्या पोटात गोळा. दुसरा सेकंड शिफ्ट करून येतो, मोठ्याने बोलतो, मोठ्याने हसतो आणि बस कंडक्टरशी सुट्या पैशावरून वाद घालतो. ओळख झाली एका खानावळीत, मेसच्या डब्याच्या रांगेत. पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढं कळतं की माळकऱ्याने कोकण्याला आषाढीचा उपवास धरायला लावला, आणि कोकण्याच्या घरात माशांची भांडी वेगळी झाली. संसार म्हणजे दुसरं काय असतं?

मग एक दिवस इंजिनिअरला मेसेज आला. तीन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा चॅटचे स्क्रीनशॉट, एक फोटो आणि रक्कम. त्याने दोनदा पैसे दिले. घरी सांगायची सोय नव्हती, ऑफिसात सांगायची हिंमत नव्हती. तिसऱ्यांदा मागणी आली तेव्हा त्याने माळकऱ्याला सांगितलं. माळकरी म्हणाला, 'अरे, एवढंच ना? चल चौकीला.'

यात जास्त धोका कोणाला होता, विचार करा. इंजिनिअरकडे कायमची नोकरी, बँकेत थोडे पैसे, इंग्रजी. दुसऱ्याकडे दर काही महिन्यांनी नूतनीकरण होणारं कंत्राट आणि भाड्याची खोली. ठाण्यात नाव गेलं तर आधी जाणार त्याचं. तरी 'चल' तोच म्हणाला. घाबरट आणि बेडर यांची जोडी कशी जमते, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

ठाण्याचं नाव लिहीत नाही. दोघं तीन तास बसले. अंमलदाराने इंजिनिअरचं ऐकून घेतलं, मग माळकऱ्याकडे वळून विचारलं, 'याचं समजलं. तू याचा कोण?'

'मित्र.'

'मित्र? हा आयटीतला, तू कंपनीतला. हा तिकडचा, तू इकडचा. तुमचा संबंध काय? का तूच आहेस यातला?'

खंडणीची तक्रार द्यायला आलेला माणूस बाजूला राहिला आणि त्याला धीर द्यायला आलेला संशयित झाला. शेवटी एका महिला उपनिरीक्षकांनी दोघांना आत बोलावून नीट ऐकून घेतलं, त्या बाईंना माझा सलाम. पण गुन्हा नोंदवला गेलाच नाही, साधा अर्ज घेतला. समोरच्याला एक फोन गेला, मेसेज थांबले, प्रकरण 'मिटलं'.

मिटलं कसलं? दोन दिवसांनी मला एका न्यूज पोर्टलवाल्याचा फोन. 'दादा, भारी मटेरियल आहे. आयटीवाला आणि माळकरी. फोटो पण आहे ठाण्याबाहेरचा. लावू का?' मी म्हटलं, 'लावू नकोस, खंडणी मागणाऱ्याची बातमी कर.' तो म्हणाला, 'त्याला कोण बघणार?' त्याने लावली. नावं दिली नव्हती, फोटो धूसर केला होता. पण वय होतं, जिल्हा होता, कंपनीचा भाग होता आणि गळ्यातली माळ होती. शेकडो लोक एकाच बसने जातात त्या कंपनीत एवढं पुरेसं असतं. महिनाअखेरीस माळकऱ्याचं कंत्राट संपलं, पुन्हा बोलावलं नाही. कारण कागदावर कोणी लिहीत नाही. खोलीमालकाने 'पाहुणे येणारेत' म्हणून खोली रिकामी करायला सांगितली. ज्याने पैसे उकळले तो कुठेतरी आरामात चहा पीत असेल.

आता माझ्या व्यवसायातल्या मंडळींशी बोलतो. पत्रकारितेच्या डिप्लोमात आपल्याला शिकवतात की पीडिताची ओळख जपायची. नाव गाळलं म्हणजे ओळख जपली, असं ज्याला वाटतं त्याने तो धडा अर्धाच वाचलाय. ही काही फक्त गल्लीतल्या पोर्टलची गोष्ट नाही. डॉ. रामचंद्र सिरस हे नाव किती मराठी पत्रकारांना आठवतं? नागपूरचा हा माणूस, कवी, अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक. निवृत्तीला काही महिने राहिलेले. ८ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांच्या राहत्या घरात कॅमेरे घेऊन माणसं घुसली आणि एका रिक्षाचालकासोबत त्यांचं चित्रण केलं. विद्यापीठाने चौकशी कोणाची केली? घरात घुसणाऱ्यांची नाही. सिरसांना निलंबित केलं, राहतं घर सोडायला लावलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. पुढे गुन्हा दाखल झाला, विद्यापीठातल्या लोकांची आणि कॅमेरावाल्यांचीही नावं आली, पण शिक्षा कोणालाही झाली नाही. हंसल मेहतांनी 'अलिगढ' सिनेमा काढला, मनोज वाजपेयींनी काम केलं, आपण टाळ्या वाजवल्या आणि विसरलो.

त्या वेळच्या चर्चेत एक सूर सतत होता. 'प्राध्यापक आणि रिक्षावाला?' म्हणजे दोन प्राध्यापक असते तर एक वेळ चाललं असतं, पण शिकलेला आणि न शिकलेला, पैसेवाला आणि गरीब, यांच्यात प्रेम किंवा जिव्हाळा असूच शकत नाही. असेल तर व्यवहार असणार, नाहीतर फसवणूक. अलिगढचा तो प्रश्न आणि आपल्या ठाण्यातला 'तुमचा संबंध काय?' हा प्रश्न एकाच मुशीतले आहेत. गरीब दिसला की चोर, बऱ्या घरचा दिसला की शौकीन. दोघांना एकमेकांची काळजी असेल, ही शक्यता यादीतच नाही.

हैदराबादचंही उदाहरण घ्या. २०११ मध्ये टीव्ही-९ या वाहिनीने डेटिंग साईटवरची प्रोफाईलं उघड करून, फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करून 'शहरात गे संस्कृती फोफावली' असा कार्यक्रम दाखवला. वृत्तवाहिन्यांच्याच नियामक मंडळाने त्या वाहिनीला एक लाख रुपये दंड केला आणि माफी प्रसारित करायला लावली. म्हणजे आपल्याच धंद्यातल्या लोकांनी ठरवलंय की ही बातमीदारी नव्हे. पण फोन आणि माईक घेऊन पोर्टल चालवणाऱ्याला असं कुठलं मंडळ विचारत नाही. त्याला विचारायचं तुम्ही वाचकांनी. तुम्ही क्लिक केलं नाही, फॉरवर्ड केलं नाही, तर 'मटेरियल' आपोआप बंद होतं.

आता नेहमीचे आक्षेप. कमेंटमध्ये येणारच आहेत, म्हणून आधीच घेतो.

'ही आपली संस्कृती नाही.' दादा, खंडणी आपली संस्कृती आहे का? तुम्हाला कोणाचं प्रेम आवडत नसेल तर नका आवडून घेऊ, तो तुमचा हक्क. पण त्याला लुटू दिलं पाहिजे, हे कुठल्या पोथीत लिहिलंय?

'मग जातात कशाला असल्या ॲपवर?' दुसरी जागा कुठे ठेवलीय आपण? मुलगा-मुलगी कॉलेजात भेटतात, लग्नात भेटतात, वधू-वर मेळाव्यात भेटतात, मावशी फोटो पाठवते. या पोरांना मावशी फोटो पाठवत नाही. दरवाजे सगळे बंद करायचे, एक खिडकी उघडी ठेवायची आणि त्या खिडकीखाली चोर बसला की म्हणायचं खिडकीतून आलास कशाला.

'लग्न लावून द्या, सुधारेल.' हे सगळ्यात क्रूर. आपल्या पोराचा प्रश्न मिटवायला दुसऱ्याच्या पोरीचं आयुष्य घालायचं. वाकड, थेरगाव, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये अशा किती जणी आपलंच काही चुकतंय असं समजून रडत असतील. ज्यांना आपल्या मुलींची काळजी आहे, त्यांनी तरी अशा मुलांना जबरदस्तीने बोहल्यावर चढवणं थांबवावं. आणि खंडणीखोराला सगळ्यात आवडणारं गिऱ्हाईक कोणतं? लग्न झालेला, पोरं असलेला, घाबरलेला माणूस.

'यातलेही काही फसवणारे असतात.' असतात ना. फसवणारे सगळीकडे असतात. म्हणूनच तर तपास करायचा असतो. तपासाआधी 'तू याचा कोण' विचारून फसवणारा सापडत नाही, फसलेला पळून जातो.

'खेड्यापाड्यात हे चालत नाही, मोठ्या शहरांची थेरं.' ३० डिसेंबर २०१७ ला यवतमाळात, तिथलाच एक इंजिनिअर आणि त्याचा व्हिएतनामचा जोडीदार यांनी नातेवाईक-मित्रांसमोर लग्नाचा सोहळा केला. तेव्हा ३७७ जिवंत होतं. कुठे यवतमाळ, कुठे व्हिएतनाम. भाषा वेगळी, देश वेगळा, ताट वेगळं. आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशीही यवतमाळात बस वेळेवर सुटल्या, किंवा नेहमीसारख्या उशिरा सुटल्या.

आणि हे आधीच सांगून ठेवतो, मला कोणी पैसे दिलेले नाहीत, मी कुठल्या संस्थेचा नाही. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली, पुण्यात मोर्चे काढले. काम त्यांचं आणि त्यांच्यासारख्यांचं. मी फक्त बातमीदार आहे आणि माझ्या भागात माणसं लुटली जातायत.

कायदा कुठे उभा आहे तेही समजून घ्या, कारण अर्धवट माहितीवर दोन्ही बाजू भांडतात. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सुप्रियो खटल्यात समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तो संसदेचा प्रश्न आहे म्हणून. म्हणजे गुन्हा नाही, पण नातंही नाही. ठाण्यातल्या 'तू याचा कोण?' या प्रश्नाला कायद्यात आज एका शब्दाचं उत्तर नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला खात्यावर नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही त्यांना एकाच कुटुंबातले धरायला राज्यांना सांगितलं. म्हणजे बँकेत तो कोणीतरी आहे, रेशनच्या दुकानात कोणीतरी आहे. पोलिस ठाण्यात मात्र 'तूच आहेस का यातला?'

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. त्यात ३७७ पूर्ण गेलं. संमतीच्या संबंधांपुरतं ते गेलं हे बरंच झालं. पण पुरुषावर पुरुषाने केलेल्या बळजबरीसाठी तेच कलम वापरलं जायचं, तेही गेलं आणि त्या जागी काही आलं नाही. नव्या संहितेत बलात्काराची व्याख्या फक्त स्त्री पीडितेपुरती आहे. अशा टोळीने एखाद्या पोराला मारून, धमकावून त्याच्यावर अत्याचार केला, तर पोलिसांना मारहाण, डांबून ठेवणं, खंडणी अशी कलमं जोडत बसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न गेला होता, त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये संसदेचं काम म्हणून हात आवरले. ज्यांना कोणाच्या प्रेमाशी देणंघेणं नाही, त्यांच्याही मुलाच्या बाबतीत हे घडू शकतं. आपल्या खासदारांना हे कधी कोणी विचारलंय?

पण जे हातात आहे तेही कमी नाही. खंडणीसाठी संहितेचं कलम ३०८ आहे, साध्या खंडणीला सात वर्षांपर्यंत, जिवाची भीती घालून उकळली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. संमतीशिवाय खाजगी अंगाचा फोटो काढला, पाठवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आहे, ते स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्येच ठरलंय. 'अर्ज ठेवून जा' हा काही कायदा नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्या राज्याने एक गोष्ट आधीच मान्य केलीय, की वेगळ्या-वेगळ्या घरच्या दोघांनी प्रेम केलं तर त्यांना धोका असतो आणि संरक्षण देणं सरकारचं काम आहे. २७ मार्च २०१८ ला शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष करायला सांगितलं. महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये आंतरजातीय-आंतरधर्मीय जोडप्यांसाठी विशेष कक्ष आणि सुरक्षागृहांची कार्यपद्धती ठरवली. जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरापोरींचे जीव गेलेत या राज्यात, म्हणून हे करावं लागलं.

मग हे दोघं वेगळे कसे? एक आयटीतला, एक कंत्राटी. एक मासे खाणारा, एक माळकरी. यांची जातही वेगळी असू शकते, गाव तर वेगळं आहेच. सैराटमधल्या जोडीसाठी आपण थिएटरात रडलो. तिथे प्रश्न होता वरच्या-खालच्याचा. इथेही तोच आहे, वर आणखी एक आहे. ज्याला दोन बाजूंनी धोका, त्याला संरक्षण निम्मं?

हा माझ्या मनचा युक्तिवाद नाही. ११ मार्च २०२४ ला देवू जी. नायर विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या न्यायालयांसाठी सूचना दिल्या. त्यात म्हटलंय की समलिंगी, ट्रान्सजेंडर, आंतरधर्मीय किंवा आंतरजातीय जोडीदार पोलिस संरक्षण मागत आले, तर धोका किती गंभीर आहे हे सिद्ध व्हायची वाट न बघता आधी संरक्षण द्या. चौघांना एकाच ओळीत बसवलंय. न्यायालयाने एका पंगतीत बसवलेल्यांना आपण वेगवेगळ्या पंगतीत का वाढायचं?

म्हणून माझ्या मागण्या. साध्या आहेत, फुकट आहेत.

पोलिस आयुक्तांना: विशेष कक्षाच्या कामात समलिंगी जोडीदारांचा स्पष्ट उल्लेख करा. ॲपवरून होणाऱ्या खंडणीत अर्ज नको, गुन्हा नोंदवा. तक्रारदारासोबत जो आलाय त्याला पाणी विचारा, संबंध विचारू नका. आणि ठाण्यातून पोर्टलवाल्यांना फोटो कोण देतं, याचा एकदा तपास करा. तो सापडायला फार लांब जावं लागणार नाही.

पत्रकार मित्रांना: मथळ्यात 'समलिंगी' हा शब्द टाकण्याआधी विचारा की त्याने बातमी कळते की नुसती विकली जाते. वय, गाव, कंपनी, कपडे, माळ, टॅटू यांतलं काहीही लिहू नका. मथळा आरोपीचा करा.

सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरींना: दोन पोरं भाडं वेळेवर देतात, कचरा ओला-सुका वेगळा करतात, रात्री गोंधळ घालत नाहीत. त्यांच्या बेडरूमची मोजणी करणं तुमच्या उपविधीत नाही.

आईबापांना: एकच वाक्य पोराला कधीतरी सांगून ठेवा, 'काहीही झालं तरी आधी घरी फोन कर.' पुढचं मान्य-अमान्य नंतर बघू. ज्या घरात हे वाक्य बोललं गेलंय, त्या घरातल्या पोराला ब्लॅकमेल करता येत नाही.

आणि ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांना: पैसे देऊ नका, दिल्याने थांबत नाही. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी जपून ठेवा. जिवाला धोका असेल तर ११२. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३०, जितक्या लवकर तितकं बरं. तक्रार कुठल्याही पोलिस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. ती ऑनलाइनही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतलं नाही तर लेखी तक्रार पोस्टाने पोलिस उपायुक्तांकडे पाठवा. पहिली भेट गर्दीच्या ठिकाणी, आणि कुठे जाताय ते एका तरी माणसाला सांगून जा. तो माणूस सापडत नसेल तर मला मेसेज करा, मी बरोबर येतो.

ते दोघं आता दुसऱ्या भागात राहतात. माळकऱ्याला काम मिळालंय, आधीपेक्षा कमी पगाराचं. इंजिनिअर यंदा पहिल्यांदा त्याच्यासोबत वारीत दोन मुक्काम चालणार म्हणतोय, देव नाही म्हणत म्हणत. त्यांनी हे लिहायला परवानगी दिली. मी विचारलं, काही सांगायचंय का लोकांना? माळकरी म्हणाला, 'सांगायचं काय, आमचं आम्ही बघतो. फक्त पुढच्या वेळी कोणी चौकीला गेला तर हसू नका म्हणावं.'

तेवढंच मागतोय. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये माझ्याशी भांडा, मी उत्तर देईन. पण हसण्याचा इमोजी टाकणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की कुठेतरी एक टोळी तो इमोजी मोजतेय. तिच्यासाठी ती गिऱ्हाईक अजून घाबरलेलं असल्याची पावती आहे.